आकाशझुल्यावरची माझी सही

ताडोबाच्या मोहर्ली फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं पाण्याचं पार्क होतं, आणि त्याच रस्त्यावर मोटारसायकलनं दहा मिनिटं पुढे दुसरं. लोक आमच्या पार्कला ‘जुनं’ म्हणायचे आणि त्याला ‘मोठं’. आमचं खरं तर काही फार जुनं नव्हतं. मोठं आलं, त्या दिवशी आम्ही जुने झालो.

मी तिथे विजेचं काम पाहायचे. पंप, मोटरी, पॅनल, झुल्यांचे स्टार्टर, सगळं माझ्याकडे. आयटीआयच्या वायरमनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. नंतर बरीच वर्षं वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली काढली. ठेका संपला तेव्हा माझा नवरा मोहर्लीला सफारीचा गाईड झालेला होता. त्यानंच या पार्कच्या मालकाशी गाठ घालून दिली. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांची पूर्वी धानाची मिल होती. ती बंद करून त्यांनी रस्त्याकडेच्या आपल्या जमिनीवर पाण्याचं टाकं बांधलं, दोन घसरगुंड्या लावल्या आणि बाहेर बोर्ड ठोकला. रोज सकाळी ते आधी टाक्याजवळ जायचे, बाही वर करून पाण्यात हात घालायचे आणि म्हणायचे, “आज मस्त आहे.” आमच्यासोबत बसून डबा खायचे. असा माणूस होता.

भाऊंचं एक गणित होतं. “बाई, बोर्डावर दरवर्षी एक नवीन फोटो पायजे,” ते म्हणायचे. “फोटो बदलला का लोक गाडी थांबवते.” त्याप्रमाणे ते दर उन्हाळ्याला एक नवी वस्तू आणत. एका वर्षी पावसात नाचायचा चौथरा, एका वर्षी लहान मुलांची गाडी, एका वर्षी थर्माकोलचं भूतघर. नवं आलं की मागच्या वर्षीच्या वस्तूकडे कुणी पाहायचं नाही. गाडी तिसऱ्या उन्हाळ्यात बंद पडली, मग मुलं तिच्यात बसून नुसते फोटो काढायची. भूतघरात उंदरांनी बिऱ्हाड केलं. मी सुट्या भागांची यादी दिली की भाऊ ती खिशात ठेवायचे आणि खिसा धोब्याकडे जायचा.

तरी चालत होतं. चंद्रपूरच्या उन्हात लोकांना पाणी पाहिजे, एवढंच. मग मोठं आलं.

त्यांनी समुद्र आणला. म्हणजे लाटांचं टाकं. आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. गडचिरोलीकडून गाड्या भरून माणसं येऊ लागली. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर काम करणाऱ्यांच्या बस रविवारी आमच्या फाटकासमोरून जायच्या, खिडकीतून मुलं आमच्याकडे पाहून हात हलवायची आणि पुढे निघून जायची. त्या उन्हाळ्यात आमच्या टाक्यात कधीकधी दुपारपर्यंत कुणी उतरलेलं नसायचं. भाऊंचा हात तेवढा उतरायचा.

“बाई,” एक दिवस ते म्हणाले, “तुमी दोघं नवरा-बायको पोरीले घेऊन जा तिकडं. गिऱ्हाईक म्हणून जा. त्यायनं का का आनलं, पुढच्या साली का आननार आहे, सारं पाहून या.”

आम्ही गेलो. माझी मुलगी लाटांत शिरली ती बाहेर यायला तयार नव्हती. नवरा काठावर पाय सोडून बसला. म्हणाला, “इथी वाघाची वाट पाहा लागत नाई. घंटी वाजली का लाट येते.” मी मात्र तिकडे नीट पाहिलंच नाही. माझे डोळे सवयीनं भिंतीमागे गेले. लाटा करणाऱ्या यंत्राच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तीन पंप. दोन चालू होते, तिसरा नुसता उभा, रंग दिलेला, तयार. मी तिथेच थबकले. आमच्या एकुलत्या एका पंपाला मी तीन वर्षं पट्ट्या बांधून चालवत होते.

तेवढ्यात मागून एक माणूस आला. तिथला मॅनेजर, नागपूरचा. मला वाटलं, आता हाकलतो.

“पंप पाहायला तिकीट काढणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतो,” तो म्हणाला. “जुन्या पार्कातल्या ना तुम्ही?”

मी खोटं बोलू शकले नाही. त्यानं रागवायच्या ऐवजी मला चहा दिला आणि हिंडवून दाखवलं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्यांना आतून नीट लागणाऱ्या कड्या होत्या. चालायच्या वाटेवर सगळीकडे सावली होती. पाण्याजवळ उभी असलेली माणसं खरोखर पोहणारी होती. एका मैदानात तारेवरून लोंबकळत जायचा खेळ होता. तिथे दर सोमवारी पार्क उघडायच्या आधी आठजण सराव करतात, असं त्यानं सांगितलं. त्यांच्यातलाच एक मधोमध लटकतो आणि बाकीचे त्याला दोरांनी खाली उतरवतात.

“कधी अडकलं का कुणी?” मी विचारलं.

“अजून नाही.”

“मग?”

“मग काय, सोमवार आला की सराव.” तो हसला. “आम्ही दरवर्षी नवा झुला आणत नाही, बाई. एका वर्षी आणतो, एक वर्ष त्याला सांभाळायची तयारी करतो. नवा झुला पाहायला लोक पहिल्या उन्हाळ्यात येतात. दुसऱ्या उन्हाळ्यात येतात ते संडास स्वच्छ होता म्हणून.”

परत येऊन मी भाऊंना सगळं सांगितलं. ते टाक्याच्या काठावर बसून ऐकत होते.

“समुद्र कसा आहे?”

“चांगला आहे. पन भाऊ, तो समुद्र चालवाले मांगं तीन पंप आहेत. एक तं नुसता उभा ठेवला.”

“पंपाचा फोटो बोर्डावर लागते का?” भाऊ म्हणाले.

त्यांनी पाण्यात हात घातला. मग म्हणाले, “त्यायच्याजवळ नाई असं कायतरी आनतो मी. एकदाच. मोठं.”

त्यांनी आकाशझुला आणला. दुसऱ्या राज्यात कुठलं तरी पार्क बंद पडलं होतं, तिथला एका दलालानं मिळवून दिला. तीन ट्रेलरवर तो आला तेव्हा रस्त्यावरच्या सफारीच्या जिप्सी थांबल्या, पर्यटक खाली उतरून फोटो काढू लागले. आमच्या फाटकाशी एवढी गर्दी कित्येक महिन्यांत झाली नव्हती. उभा केल्यावर तो त्या सगळ्या रस्त्यावरची सर्वांत उंच वस्तू झाला. मधोमध लोखंडी खांब, खांबाभोवती एक मोठं कडं, कड्याला बारा खुर्च्या. बारीक तारा पिळून केलेले दोन जाड तारदोर ते कडं वर ओढून न्यायचे, वर गेल्यावर ते सावकाश गोल फिरायचं आणि मग खाली यायचं. वरून जंगलाची कड दिसायची. भाऊंनी बोर्ड रंगवून घेतला: ‘वरून ताडोबा पाहा’.

मलाही आनंद झाला होता. मोठ्याजवळ समुद्र होता, पण त्यांच्या समुद्रातून जंगल दिसत नव्हतं. पहिल्यांदाच आमच्याकडे असं काही आलं होतं की त्यांना मान वर करावी लागली असती.

पॅनल जोडून झालं आणि मी तारदोर तपासायला घेतले. वीज केंद्रात एका म्हाताऱ्या फिटरनं मला शिकवलं होतं: कापसाचा बोळा हातात धर, दोरावरून हळू फिरव. दोरातली बारीक तार तुटलेली असेल तर तिचं टोक बोळा पकडतं. डोळ्यांना दिसत नाही ते कापसाला दिसतं. मी बोळा फिरवला. एका दोरावरून तो लोण्यावरून जावा तसा गेला. दुसऱ्यावर अडकला. पुन्हा अडकला. एका हातभर लांबीत इतक्या ठिकाणी अडकला की बोळ्याच्या चिंध्या झाल्या.

“भाऊ, हा दोर बदलावा लागन.”

“किती दिवस लागते?”

दलालाला फोन केला. नवा दोर बाहेरून येणार होता आणि तोवर उन्हाळा संपला असता. पावसाळ्यात ताडोबा बंद, आम्ही बंद, सगळंच बंद. उद्घाटनाचा दिवस तर आधीच बोर्डावर लिहिला गेला होता. भाऊंनी दोराला हात लावून पाहिला.

“एवढा मनगटासारखा दोर आहे, बाई. दोन-चार केस तुटले तं का होते?”

परवानगीच्या कागदांत एक कागद असा होता की त्यावर जागेवरच्या जाणकार माणसाची सही लागायची: झुला पाहिला, चालवायला योग्य आहे. वरच्या साहेबाची सही दलालानं कुठूनशी आणली होती. राहिली होती माझी. मी म्हणाले, मी सही करणार नाही.

दोन दिवस भाऊ मला काही बोलले नाहीत. बोलले ते बाकीचे. आम्ही अकराजण होतो तिथे. तिकिटाच्या खिडकीवरचा, माळी, झाडूवाल्या दोघी, पाण्यावरचे, आणि कँटीनची ताई. ही ताई माझ्याच गावची. आमच्या दोघींची घरं एकाच बुद्धविहाराच्या मागे होती. मी आयटीआयला जायची तेव्हा ती मला स्वतःची सायकल द्यायची. भज्यांचा झारा हातात धरून ती माझ्या खोलीत आली.

“तू सही नाई करून राह्यली म्हणते.”

“दोर खराब आहे, ताई.”

“दोर खराब आहे, आमचं कायचं चांगलं आहे?” ती म्हणाली. “तुया नवऱ्याची सफारी आहे. माह्या घरी कोन आहे? हे बंद झालं तं मी कुठी जाऊ? मोठ्यात मले भजे तळाले ठेवन का कोनी?”

दुपारी तिकिटाच्या खिडकीवरचा आला. त्याची बायको बाळंत व्हायची होती. तो नुसता दाराशी उभा राहून गेला. ते जास्त जड होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ झुल्याजवळ गेले, एका खुर्चीत बसले आणि छातीवरचा दांडा स्वतःच खाली ओढला.

“मी बसतो,” ते म्हणाले. “तू चालव.”

“भाऊ, उतरा.”

“चालव म्हन्तो ना. पडलो तं मी पडीन.”

मी चालवला. कडं वर गेलं, बाकी अकरा खुर्च्या रिकाम्या, एका खुर्चीत पांढरा सदरा. मी खाली पॅनलवर हात ठेवून दोराचा आवाज ऐकत होते. काही आवाज आला नाही. तीनदा ते वर गेले, तीनदा खाली आले. उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला वाटलं घाबरले. तसं नव्हतं.

“मिल दिसली, बाई,” ते म्हणाले. “मिलचं टिनाचं छप्पर दिसलं वरतून. त्याच्यावर झाड उगवलं.”

एका माणसाच्या वजनानं काहीच सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. बारा माणसांचं वजन, रोज, उन्हात, ते वेगळं. मला ते त्या क्षणीही माहीत होतं. तरी मी त्यांच्या मागे ऑफिसात गेले आणि सही केली. का केली, हे मला तेव्हापासून पुष्कळांनी विचारलं. ताईसाठी केली म्हणावं, तर ते खोटं. भाऊंसाठी केली म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. मी ‘नाही’ म्हणून म्हणून थकले होते. त्या थकव्यात सही झाली. दुसरं काही मला सापडत नाही.

झुला सुरू झाला आणि माणसं आली. खरंच आली. मूलहून, सिंदेवाहीहून, वरोऱ्याहूनसुद्धा आली. भूतघराच्या दारातले उंदीर हाकलून ते पुन्हा उघडावं लागलं. ताईची कढई सकाळपासून उतरत नव्हती. भाऊ फाटकाशी उभे राहून येणाऱ्याला स्वतः नमस्कार करायचे. सगळे हसत होते. प्रत्येक फेरीला मी मात्र तोंडातल्या तोंडात मोजायचे, वर जाताना आणि खाली येताना, आणि कडं खाली टेकलं की श्वास सोडायचे. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी मी बोळा फिरवायचे. दुसऱ्या दिवशी तेवढाच अडकला. तिसऱ्या दिवशीही तेवढाच. मला वाटू लागलं, निभेल कदाचित. उन्हाळा निघेल.

चौथ्या दिवशी बोळा एका नव्या जागी अडकला.

मी धावत भाऊंकडे गेले. ते फाटकाला आंब्याची पानं बांधत होते. एका लग्नाची पंगत आटोपून ती सगळी मंडळी दुपारी यायची होती.

“भाऊ, आज बंद ठेवू. नवीन तारा तुटल्या.”

“आजचा दिवस, बाई. आजचा दिवस काढ. उद्या तू म्हनशीन तसं.”

मी म्हणाले, मग बारा बसवणार नाही, सहाच बसवीन. ते हो म्हणाले. दुपारी लग्नाची मंडळी आली तेव्हा रांग फाटकापर्यंत गेली. पहिल्या तीन फेऱ्या मी सहाच बसवले. मग आरडाओरडा सुरू झाला. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या कशाला नेता? नवरा-नवरीला एकत्र बसू द्या. नवरीच्या मामानं माझ्यावर आवाज चढवला. भाऊ लांबून माझ्याकडे पाहत होते. बटण माझ्या हाताखाली होतं. मी थांबवू शकले असते. मी बारा बसवले.

कडं वर पोचलं, एक गोल फिरलं, आणि कुणीतरी ताटावर काठी मारावी तसा आवाज आला. मोटर आपोआप बंद झाली. खराब दोर तुटून सैल पडला होता आणि कडं एका बाजूला झुकून, दोर सुटला तर ते धरून ठेवणाऱ्या खांबावरच्या पकडीत अडकलं होतं. ती पकड नसती तर मी आज हे लिहीत नसते. बारा माणसं वर होती, कलंडलेल्या कड्यावर, चंद्रपूरच्या उन्हात.

आधी अगदी शांत झालं. मग सगळे एकदम ओरडू लागले, वरचेही आणि खालचेही.

भाऊ धावत आले. “ब्रेक हातानं सोड! हळूहळू खाली घे!”

“नाई भाऊ. एकाच दोरावर आहे. तो गेला तं सारंच गेलं.”

“मंग? मंग का करतं?”

मी मोबाइल काढला. भाऊंना कळलं मी कुणाला फोन करतेय ते. त्यांनी माझं मनगट धरलं.

“त्यायले नको,” ते म्हणाले. “बाई, पाया पडतो. अग्निशमनवाल्यायले बोलाव. पोलिसायले बोलाव. त्यायले नको बोलावू.”

“अग्निशमन यायले किती वेळ लागन, भाऊ? वर पाहा.”

त्यांनी वर पाहिलं आणि माझा हात सोडला. मी मोठ्याच्या मॅनेजरला, त्यानं त्या दिवशी दिलेल्या नंबरावर, फोन लावला. एक दोर गेला, बारा माणसं वर अडकलीत, म्हणून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “कड्याला हात लावू नका. निघालो.”

ती दहा मिनिटं कशी गेली ते सांगता येत नाही. वर एक पोरगी सारखी किंचाळत होती आणि तिच्या हालण्यानं कडं कुरकुरत होतं. तेवढ्यात एक बाईचा खणखणीत आवाज आला. “कोणी हलायचं नाही! मी हजेरी घेणार आहे. खुर्ची नंबर एक!” कुणी उत्तर दिलं नाही. “खुर्ची नंबर एक! झोपला का?” “हजर,” एक बारीक आवाज आला. “हजर बाई म्हणायचं.” “हजर बाई.” “खुर्ची नंबर दोन!” खाली उभ्या नवरीच्या आईनं मला सांगितलं, ही त्यांच्या गावची शाळामास्तरीण, गेल्या वर्षी निवृत्त झाली. ती वरून पुन्हा पुन्हा हजेरी घेत राहिली. एक ते बारा, मग पुन्हा एक. किंचाळणारी पोरगी नवव्या खुर्चीत होती. चौथ्या हजेरीला तिनं उत्तर दिलं.

मोठ्याचे आठजण दोर, हुक आणि पट्टे घेऊन आले. त्यांच्यातला एक एटापल्लीकडचा बुटका माणूस खांबाच्या शिडीवरून चढत गेला. त्यानं आधी कडं खांबाला तीन ठिकाणी बांधलं. मग खाली ओरडून सांगितलं, एका बाजूची सगळी माणसं काढली तर कडं उलटेल. एक इकडचा, एक समोरचा, असंच काढावं लागेल. मास्तरणीनं ते ऐकलं. त्यानंतर ती त्याच क्रमानं नंबर पुकारू लागली. एक, मग सात. दोन, मग आठ. ज्याचा नंबर पुकारला तो उतरायचा. एक म्हातारा बेशुद्ध झाला होता, त्याला झोळीत घालून उतरवलं. लोखंडी दांडे इतके तापले होते की लोकांनी पदर आणि टोप्या हाताभोवती गुंडाळल्या होत्या. ताई खालून पाण्याच्या बाटल्या दोराला बांधून वर पाठवत होती, रडत होती आणि गाठी मारत होती.

मास्तरणीनं स्वतःचा नंबर शेवटी घेतला. खाली आल्यावर तिच्या तळव्यांवर फोड आले होते. ती माझ्यासमोर थांबली.

“तुम्ही चालवत होता?”

“हो.”

मला वाटलं, आता मारेल. मारायलाच पाहिजे होतं.

“मग बसा खाली,” ती म्हणाली. “तुमचे पाय कापताहेत.”

कुणी मेलं नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. म्हातारा दोन दिवस दवाखान्यात राहिला आणि घरी गेला. पण बाराजण वर लटकलेले सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाला सरकारी कुलूप लागलं. जबाब घेतले तेव्हा भाऊ म्हणाले, मीच तिला करायला लावलं. मी म्हणाले, सही माझी आहे, दोर पाहूनच केली. साहेबानं दोघांचं लिहून घेतलं. खटल्याच्या तारखा अजून सुरू आहेत.

महिनाभरानं तोच दलाल परत आला. झुला उचलून नेतो म्हणाला. कुठल्या तरी जत्रेवाल्याला पाहिजे होता. भाऊंनी मला बोलावून घेतलं.

“दोर बदलला तं चालते का हा?”

“चालते, भाऊ.”

“हा बदलन का?”

आम्ही दोघांनी दलालाकडे पाहिलं. तो सुपारी कातरत होता. म्हणाला, “ते समोरचा पाहून घेईन.”

भाऊंनी दुसऱ्या दिवशी गॅस कटरवाल्याला आणलं आणि खांबाचे तुकडे करवले. उभं राहून सगळे तुकडे होईपर्यंत पाहिलं. मग घरी गेले. त्यानंतर ते पार्काकडे फिरकले नाहीत. टाक्यातलं पाणी हिरवं झालं.

मी मोठ्याच्या मॅनेजरकडे गेले. माझ्यासाठी नाही, बाकीच्या दहाजणांसाठी गेले होते. त्यानं चारजण घेतले, तेही उन्हाळ्यापुरते. मग मला विचारलं, “दोर खराब आहे हे माहीत असताना सही केली?”

“हो.”

“मग मी तुम्हाला झुल्याजवळ ठेवू शकत नाही,” तो म्हणाला. “पंपाच्या खोलीत चालेल का?”

मी हो म्हणाले. अजून तिथेच आहे. तिसरा पंप, तो उभा असलेला, आठवड्यातून एकदा चालवून बघायचं काम माझं आहे. तिथे बसून मी दोन्ही पार्कांचा पुष्कळ विचार केला. आधी मला वाटायचं, हे शहाणे आणि आम्ही मूर्ख. आता तसं वाटत नाही. त्यांच्याकडे एक उन्हाळा रिकामा घालवायची ऐपत होती. दोर खराब निघाला असता तर त्यांनी झुला झाकून ठेवला असता आणि पुढच्या वर्षी उघडला असता. आमच्याकडे एकच उन्हाळा होता, आणि तो आम्ही सगळा एका दोराला बांधला. पण हे म्हटल्यानं माझी सही पुसली जात नाही. ही ऐपतीची गोष्ट मी भाऊंनाही सांगितली नाही आणि कोर्टातही सांगणार नाही.

ताई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. मोहर्लीच्या फाटकाजवळ तिनं पोह्यांची टपरी टाकली. नवऱ्याला डबा द्यायला गेले की मी रस्त्याच्या पलीकडून जायचे. या हिवाळ्यात, दुपारच्या सफारीची गर्दी लागली होती, तेव्हा तिनंच हाक मारली.

“अशी काऊन जातं लपून? मी का वाघ आहे?”

मी जाऊन तिच्या बाकड्यावर बसले. तिनं प्लेट पुढे सरकवली.

“तू सही नसती केली तं आमी तुले शिव्या देल्ल्या असत्या,” ती म्हणाली. “केली, तरी देल्ल्या. आता पुरे झालं. खा.”

मी खाल्लं. जिप्सी एकामागून एक आत जात होत्या, धूळ पोह्यांवर बसू नये म्हणून ती झाकण सांभाळत होती. मग तिनं वर बोट दाखवलं.

“हा बलब पाय ना. दोन दिवस झाले, फडफडून राह्यला.”

मी उठले. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून दोनदा पाहिलं आणि मग वायरीला हात लावला.